वरच्या वाडीचा अर्ज

३ फेब्रुवारी, सोम.

विभागप्रमुख मॅडमनी स्टाफरूममध्ये गाठलं. वार्षिकांकासाठी दोन पानं हवीत. विषय त्यांनीच ठरवलाय : ‘सतरा वर्षांच्या मला’. प्रत्येक विभागातल्या एका तरुण प्राध्यापकाने आपल्याच लहान वयाला सल्ला द्यायचा. तुम्ही मराठीच्या, तुम्हाला काय अवघड, म्हणाल्या. मी तासिका तत्त्वावर आहे, प्राध्यापक नाही, हे त्यांना माहीत आहे. महिनाअखेरपर्यंत.

खोलीवर येऊन कागद घेतला. ‘प्रिय अश्विनी’ एवढं लिहिलं. मग ‘प्रिय’ खोडलं. मग कागद ठेवून दिला.

५ फेब्रु., बुध.

चार तास. शेवटच्या तासाला अकरा जण, त्यातले तिघे झोपलेले. त्यांचं चुकत नाही.

सल्ले, आजवर सुचलेले :

एम.ए. कर, पण नोकरी मिळेल म्हणून करू नकोस.
डोळे तपासून घे. फळ्यावरचं कोणालाच दिसत नाही असं तुला वाटतं, तसं नाहीये.
हॉस्टेलवर कोणाला पुस्तक दिलंस तर ते गेलं असं धर.

सगळे खरे. छापण्यासारखा एकही नाही. आणखी एक आहे, तो लिहिला नाही.

९ फेब्रु., रवि. गावी.

सकाळच्या एसटीने. काकांच्या पायांची सूज गुडघ्याच्या वर आलीय. पडवीत खाट आणून तिच्यावरच असतात. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, मीठ बंद, पाणी मोजून. काकांनी फक्त मिठाबद्दल तक्रार केली.

मी गेले तेव्हा डोळे मिटून होते. न उघडताच म्हणाले, "आलीस बाय? चप्पल घासतेस अजून." पहिलीपासून बारावीपर्यंत मी याच घरात वाढले. आईबाबा मुंबईला, खोलीत पाच माणसं, म्हणून मला इथे ठेवलं होतं. माझी चाल त्यांना पाठ आहे.

काकू मागच्या दारी कोकमं निवडत होती.  मी बसल्यावर तिने सांगितलं, परवा ते म्हणाले, या वर्षी पालखी दारात थांबली तर बरं. एकदाच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"अकरा वर्षांत कधी असं बोलले नव्हते गो," काकू म्हणाली. कोकमांतून हात काढला नाही.

दर शिमग्याला ती दारापुढचं खळं सारवते. रांगोळी घालते, पाट मांडते, समई लावते, सुपात नारळ, तांदूळ, खण ठेवते. पालखी शेजारच्या खळ्यातून निघते आणि आमच्या कुंपणाच्या बेड्यासमोरून, फाटकात न वळता, सरळ पुढच्या घरी जाते. ढोलाची गतसुद्धा बदलत नाही. काकू दारातून हात जोडते. तो नारळ संध्याकाळच्या आमटीला लागतो.

१० फेब्रु., सोम.

मॅडमनी विचारलं, सुरुवात झाली का? झालीय म्हटलं.

१२ फेब्रु., बुध.

एकदा लिहून काढते. मॅडमसाठी नाही.

शिमग्यात पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून निघाली की पहिल्यांदा वरच्या वाडीत यायची, मग खालच्या. वरच्या वाडीत खांदा खालच्यांचा, खालच्या वाडीत खांदा वरच्यांचा. एकमेकांच्या खांद्याशिवाय कोणाच्याच घरी देवी जाऊ नये, म्हणून जुन्या लोकांनी लावलेली रीत. मी बारावीत होते त्या वर्षी खालच्यांनी पालखी स्वतःच उचलली आणि आधी आपल्या वाडीत नेली. वसंताभाऊंची आई, सरूआजी, शेवटच्या दुखण्यात होती. तिला दर्शन मिळावं म्हणून.

वरची वाडी चिडली. गावकीच्या बैठकीत काका बोलायला उभे राहिले, तर गावचे मानकरी, गावकर, म्हणाले, तोंडी नको, अर्ज द्या. काकांची शाळा सातवीपर्यंत. मला दहावीला मराठीत तालुक्यात सर्वांत जास्त गुण पडले होते, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. काकांनी मला पडवीत बोलावलं. "तू लिही बाय. साधंच लिही. पण झोंबलं पाहिजे."

तीन संध्याकाळी लिहीत होते. अर्ज एक पानाचा. त्यात एक वाक्य आहे :

‘मरणाऱ्याच्या सोयीने देवी चालणार असेल, तर वरच्या वाडीनेही आता आपली माणसं वेळेवर आजारी पाडायला शिकलं पाहिजे.’

काकांनी ते देवळात वाचलं. घरी येऊन म्हणाले, सगळे गप झाले. मी स्वयंपाकघरात होते. मला इतका आनंद त्याआधी झाला नव्हता, आणि नंतरही क्वचितच. त्याबरोबर रागही आला. वाचताना काकांनी माझं नाव घेतलं नव्हतं.

आठव्या दिवशी सरूआजी गेली.

पुढच्या शिमग्याला खालच्यांचा खांदा आमच्या खळ्यात शिरला नाही. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी जाहीर केलं नाही. पहिल्या वर्षी पालखी पुढे गेली, दुसऱ्या वर्षीही गेली, मग तीच वाट पडली.

ते वाक्य गावात अजून पाठ आहे. काकांचं वाक्य म्हणून.

१३ फेब्रु., गुरु.

कालचं वाचलं. एक गोष्ट गाळली होती. मुद्दाम नसेल.

शाळेची एसटी सरूआजीच्या घरासमोर थांबायची. तिला वाचता येत नव्हतं. मी दिसले की गोळ्यांची पाकिटं घेऊन बाहेर यायची. ही सकाळची का गो? ही जेवल्यावर? पाकिटावर मी तिच्यासाठी पेनाने सूर्य काढायची, ताट काढायची. चार वर्षं.

म्हणजे मी ज्या माणसावर लिहिलं, त्याचे औषधाचे तास मला माहीत होते.

१६ फेब्रु., रवि. गावी.

काकांचा मुलगा दिनू मुंबईत असतो. त्याने परस्पर गावकरांना फोन करून या वर्षी पालखी थांबवाल का म्हणून विचारलं होतं. आज दुपारी देवळात बैठक झाली. आमच्याकडून कोणी गेलं नाही. शेजारच्या बाबल्याने येऊन सांगितलं.

विषय निघताच खालच्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "शिकली वाटतं वरची वाडी." हसले सगळे. बाबल्या हे सांगताना स्वतःही थोडा हसला, मग काकांकडे बघून थांबला. वसंताभाऊ हसले नाहीत म्हणे. त्यांनी एवढंच सांगितलं की अर्ज लिहिणाऱ्याने सहाणेवर उभं राहून तो मागे घ्यावा. चालता येत नसेल तर खुर्चीत बसवून आणू. मग बघू.

काका नाही म्हणाले.

बाबल्या गेल्यावर मी म्हटलं, काका, ते वाक्य माझं आहे.

"म्हणून तर," ते म्हणाले. "माझं असतं तर कधीच घेतलं असतं मागे."

मला कळलं नाही. त्यांनी दम घेत घेत सांगितलं. देवीसमोर उभं राहून ‘मी लिहिलं’ म्हणणं खोटं. ‘पोरीने लिहिलं’ म्हणणं नको. तेव्हा मी विचारलं, मग अकरा वर्षांपूर्वी देवळात काय केलंत? त्यावर शांतपणे म्हणाले, "वाचलं होतं. लिहिलं असं मी कधी बोललो नाय."

अकरा वर्षं त्या एका फरकावर ते उभे आहेत. आणि मी अकरा वर्षं धरून चालले होते की त्यांनी माझं वाक्य पळवलं.

काकू आतून म्हणाली, "दोघांचं शहाणपण झालं असेल तर पेज घ्या."

१८ फेब्रु., मंगळ.

पेपर तपासले. एका मुलीने निबंधात एकच सुंदर वाक्य लिहिलंय, बाकी सगळं सुमार. सवयीने त्या वाक्याखाली रेघ ओढली. मग ती कशावर लिहितेय ते परत वाचलं. शेजारणीवर. शेरा काय लिहावा, सुचेना.

२० फेब्रु., गुरु.

मॅडमसाठी लिहिलं. गावाचं नाव न घेता. अर्ज, आजी, पालखी. दीड पान. नीट झालंय. नीट झालंय हे लक्षात आलं, तिथेच थोडं कसंतरी झालं.

२२ फेब्रु., शनि.

परत आलं. मॅडम वाईट वागल्या नाहीत. "लेखन उत्तमच हो. पण पालखी, भांडण, मृत्यू... मुलांनी यातून काय घ्यायचं? टेकअवे दिसत नाही." मी विचारलं, काय घ्यावं असं वाटतं? म्हणाल्या, काहीतरी उभारी देणारं.

२४ फेब्रु., सोम.

अर्ध्या तासात दुसरं लिहून दिलं. रोज वाचन कर. अपयशाला घाबरू नकोस. मोठ्यांचं ऐक, पण स्वतःच्या मनाचंही ऐक. मोबाइल कमी.

"आता कसं!" मॅडम.

मोठ्यांचंच तर ऐकलं होतं.

२६ फेब्रु., बुध.

महाशिवरात्रीची सुट्टी. गावी जाऊन आले. काका उशांना टेकून बसूनच झोपतात आता, आडवं झालं की दम लागतो. गोळ्या बदलल्यात. कुठली कधी ते मी काकूला सांगत होते. ती म्हणाली, मला वाचता येतं बाय, मी सातवी आहे. मी पाकिटं खाली ठेवली.

२८ फेब्रु., शुक्र.

दिनूचा फोन. "ताई, एवढं काय आहे त्यात? माफी मागायला सांग ना त्यांना. एक वाक्य तर आहे." मी त्याला खरं सांगितलं.  मग म्हणाला, "म्हणजे शाळेत मी त्या वाक्यावरून मार खाल्ला तो तुझ्यामुळे?"

हो म्हटलं.

"सांगायचंस तरी," म्हणाला. आणि हसला, बरं झालं.

२ मार्च, रवि. गावी.

काकांना न सांगता खालच्या वाडीत गेले. वसंताभाऊ खळ्यात काजू वाळत घालत होते. साठी ओलांडलीय. आईसारखेच डोळे बारीक करून बघतात. कोणाची गो तू, म्हणाले. सांगितलं. ये म्हणाले नाहीत. जा पण म्हणाले नाहीत.

उभ्यानेच सांगितलं. अर्ज मी लिहिला होता, ते वाक्य माझं आहे, काकांनी फक्त वाचलं.

त्यांनी काजू पसरणं थांबवलं नाही. "काकाने पाठवलं?"

नाही म्हटलं. त्यांना माहीत नाही मी इथे आले ते.

"पोरीला पुढे करून सुटायचं. अकरा वर्षांनी चांगलं काढलंन शोधून." आवाज चढला नव्हता. "तू तेव्हा केवढीशी? दोन वेण्या घालून एसटीची वाट बघायचीस. आमच्या आईच्या गोळ्यांवर चित्रं काढायचीस. तू ते लिहिलंस होय?"

त्यांच्याकडे पुरावाच होता, मी ते लिहिलेलं नसणार याचा. ती चित्रं.

मी परत सांगितलं. मग त्यांनी काजूवरचा हात काढला आणि न विचारता जे सांगितलं ते लिहून ठेवते, जसं आठवतं तसं. आईने पालखी मागितली नव्हती. यांनीच ठरवलं, यांनीच उचलली. खळ्यात देवी आली तेव्हा ती उठून बसली, ओटी भरली, आणि सगळे गेल्यावर यांना म्हणाली, वरच्यांच्या आधी कशाला आणलीत? मग चार दिवसांनी कोणीतरी तिला ते वाक्य ऐकवलं. ती नुसती म्हणाली, बघ. बाकी काही नाही. शेवटपर्यंत यांच्याशी धड बोलली नाही.

"म्हणजे ते मला बोलला नाय तुझा काका," ते म्हणाले. "आईला बोलला. नि आईने मला."

निघताना म्हणाले, तू लिहिलंस तर कागद दाखव. पुढच्या रविवारी बैठक आहे. नाहीतर हे बोलणं इथंच राहू दे.

बायका बैठकीला जात नाहीत. हे त्यांना माहीत आहे. मलाही.

४ मार्च, मंगळ.

पंचमी. गावात शिमगा सुरू झाला असेल. इथे रस्त्यावर पिचकाऱ्या आल्यात.

अश्विनीला एकच सल्ला द्यायचा झाला तर हा : अर्ज लिही. काकांनी सांगितलंय, नाही म्हणवणार नाही तुला. झोंबणारं वाक्यही लिही, ते तुला येणारच. फक्त काकांच्या हातात देण्याआधी एक दिवस खाली जा आणि आजीच्या गोळ्या वाचून ये. मग द्यायचं तर दे.

ती ऐकेल असं वाटत नाही. तिला तो अर्ज त्याच संध्याकाळी दाखवायचा होता.

५ मार्च, बुध.

ट्रंकेत वही सापडली. बारावी, मराठी, मागची पानं. सहा खर्डे.

पहिल्यात ‘सरूआजींच्या प्रकृतीस आराम पडो’ असं आहे. दुसऱ्यात ते वाक्याच्या शेवटी गेलंय. तिसऱ्यात खोडलंय, एकाच सरळ रेघेने. चौथ्यात ‘वेळेवर’ हा शब्द येतो. त्याच्याजवळ समासात मी बरोबरची खूण केलीय. लाल पेनाने. स्वतःच स्वतःला.

वर्गात शिकवतेच की मी हे. अनावश्यक ते काढा.

९ मार्च, रवि. गावी.

दुपारी देवळात गेले. काकूला सांगितलं होतं. तिने फक्त पदर नीट घे म्हटलं, आणि मी ओढणी घेतली होती.

गावकर म्हणाले, बायांनी इथं बोलायची रीत नाय. मागून कोणीतरी, "लिहायची होती काय?" पुन्हा हसू. त्या हसण्याने उलट बरं झालं, मला आत येता आलं.

मी तीनच गोष्टी सांगितल्या. अर्ज मी लिहिला. काकांनी झोंबणारा मागितला म्हणून नव्हे, तो मीच तसा केला. सरूआजीची आणि देवीची माफी मागते.

दुसरी पूर्ण खरी नाही. काका झोंबलं पाहिजे म्हणाले होते. पण तेवढं मी देवळात बोलले आणि आता ते तसंच राहील.

वही वसंताभाऊंना दिली. त्यांच्याकडे चष्मा नव्हता. त्यांनी ती शेजारच्या पोस्टमनकडे दिली आणि तो खणखणीत आवाजात वाचायला लागला. सगळेच खर्डे. खोडलेलंसुद्धा. मला वाटलं होतं कोणी शेवटचा तेवढा बघेल.

तिसऱ्याला वसंताभाऊंनी हात वर केला. वाचन थांबलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "आराम पडो, हे का खोडलंस?"



"वाक्य लांब होत होतं," मी म्हटलं.

 

त्यांनी वही मागून घेतली, मिटली, काखेत धरली. परत दिली नाही. गावकर म्हणाले की माफी ऐकली, गावाने ऐकली, पण खांदा खालच्यांचा आहे, त्यांना कोणी हुकूम करू शकत नाही. देवीला थांबायचं असेल तर पालखी त्या दारात जड होईल. कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. मग विषय मांडवाच्या वाशांकडे गेला.

१० मार्च, सोम. पहाटेच्या एसटीत.

काकांना माझ्याआधी बाबल्याने सगळं सांगितलं होतं.  पहाटे निघताना चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "लांब होत होतं म्हणालीस?"

हो.

"मला आधीचं दाखवायचंस."

त्यांनी सहावा तेवढाच पाहिला होता, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. वाचायला दिला तो एकच कागद, स्वच्छ अक्षरात, शाईने.

मी म्हटलं, तुम्ही ते ठेवलं असतं?  चप्पल बदल म्हणाले, घासतेस फार.

१२ मार्च, बुध.

वार्षिकांकाची प्रुफं आली. माझा फोटो, नावाआधी ‘प्रा.’, आणि मॅडमनी दिलेलं शीर्षक : ‘स्वप्नांना पंख द्या’. शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून दिल्या. सही केली.

उद्यापासून चार दिवस रजा. बिनपगारी. गाव.

१४ मार्च, शुक्र. गावी.

काल होम झाला. दिनू आलाय, मुंबईचे सगळेच आलेत. पालखी सहाणेवर बसली. रविवारी वरची वाडी.

काकांचे पाय आज पांढरे दिसतात. डॉक्टर येऊन गेले, शहरात न्या म्हणाले. काका म्हणाले, सोमवारी. डॉक्टरांना वाटलं गाडीची सोय नाही म्हणून. दिनू म्हणाला, गाडी आहे, दारात आहे, आत्ता निघू. काका पुन्हा म्हणाले, सोमवारी.

दिनू चिडून बाहेर गेला. मग मागच्या दारी येऊन मला म्हणाला, पालखीपायी बाबांना काही झालं तर त्या वेळी वाक्य लिहून दे मला एक. बोलून गेल्यावर स्वतःच खाली बसला. मी त्याच्या शेजारी बसले. काकूने आम्हा दोघांना नारळ सोलायला दिले.

१५ मार्च, शनि.

खालच्या वाडीतून काही निरोप नाही. काकू पाण्याला गेली तेव्हा वसंताभाऊंची सून भेटली, तिने नेहमीसारखी मान हलवली. नेहमीसारखी म्हणजे काय ते काकूला सांगता येईना. मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा ती म्हणाली, तुझा पेपर नको सोडवू माझ्यावर.

काकांना आज पाणी दोन घोट जास्त दिलं. त्यांनी मागितलं नव्हतं.

बोलवायला मी पुन्हा खाली जाणार होते. काकूने अडवलं. एकदा मागून झालं, म्हणाली. दोनदा मागितलं तर हिशेब होतो.

१६ मार्च, रवि.

सकाळी साडेअकरा.

काकूने पहाटे खळं सारवलं. मी रांगोळी काढली, ती पुसून तिने स्वतः काढली. पाट, समई, सूप. काकांना दिनूने आणि मी खुर्चीत बसवून पडवीच्या कडेला आणलंय. स्वच्छ सदरा मागितला. बोटं सुजलीत, बटणं मी लावू लागले तर हात बाजूला केला.

ढोल वर चढलाय. पहिलं घर झालं, दुसरं झालं. बाबल्याचं तिसरं. नंतर आम्ही.

दिनू बेड्यापर्यंत जाऊन आला. पुढच्या खांद्याला आज वसंताभाऊ स्वतः आहेत म्हणे. गुडघ्यांमुळे चार वर्षं त्यांनी खांदा दिला नव्हता. पोरं नको नको म्हणत होती, त्यांनी ऐकलं नाही. थांबवायला घेतलाय की पुढे न्यायला, दिनूला कळलं नाही. त्यांच्या तोंडावरून? तोंडावर घामच होता, म्हणाला.

बाबल्याच्या खळ्यात नाचवतायत. इथून फक्त कळस दिसतोय, वर जातो, खाली जातो.

काका अजून वरच्या बटणाशी आहेत. ढोलात ऐकू जावं म्हणून मी त्यांच्या कानाशी वाकले.

"पुढे कोण आहे गो?"

वसंताभाऊ, म्हटलं.

"बरं," म्हणाले. बटण सोडलं, आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून उठायला लागले.

वही ठेवते.